दाराला टांगलेली मान

मीटिंग रंगात आली होती आणि माझा डावा हात डोक्यावर होता.

'तू नक्की काय करतेयस? दमलीयस की शरण आलीयस?' टीम लीडने स्क्रीनवरून विचारलं. बारा चौकोनांतले बारा चेहरे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार? हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं आणि खाली सोडला की खांद्यापासून मधल्या बोटापर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढतंय असं होतं, हे क्लायंटसमोर सांगायचं कसं?

गणपतीत सुरू झालेलं हे दुखणं. आधी नुसती मान अवघडली. मग ती 'उशी बदल', 'बाम चोळ', 'सलूनमध्ये जाऊन एकदा कट्टकन मोडून घे' या आपल्या राष्ट्रीय उपचारपद्धतीतून गेली. (सलूनवाली सूचना मी ऐकली नाही. तुम्हीही ऐकू नका. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत, आणि कट्टकन आवाज नेमका कशाचा येतो हे त्या पोराला ठाऊक नसतं.) पंधरा दिवसांत मधलं बोट बधिर झालं आणि ऑफिसचा जड काचेचा दरवाजा डाव्या हाताने ढकलता येईना. तेव्हा कुठे अक्कल आली. पुण्यातल्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला आणि निदान झालं. सहाव्या आणि सातव्या मणक्यामधली चकती मागे सरकून सातव्या नसेवर बसली होती. ती नस दंडाच्या मागच्या स्नायूला जाते आणि मधल्या बोटाला. म्हणून दरवाजा आणि म्हणून बोट. आणि डोक्यावरचा हात? तो तर मी स्वतः शोधलेला उपाय होता! हात वर घेतला की नसेवरचा ताण सैल पडतो. डॉक्टर म्हणाले, 'असे डोक्यावर हात ठेवून येणारे पेशंट मला दारातूनच कळतात.'

ऑपरेशनची गरज नव्हती. अशा बहुतेक नसा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत शांत होतात. सरकलेली चकतीही पुष्कळदा आपोआप आक्रसते. तोवर गोळ्या, व्यायाम आणि फिजिओथेरपी. कागदावर शेवटची ओळ होती, 'सर्व्हायकल ट्रॅक्शन'.

नवरात्र तोंडावर होतं आणि वर्क फ्रॉम होम मंजूर होतं. पुण्यात एकटीने मान सांभाळण्यापेक्षा आईच्या हातची भाकरी खाऊन सांभाळावी म्हणून मी बॅग भरली आणि गावी आले. गाव म्हणजे धाराशिव. 2023 पर्यंतचं उस्मानाबाद. पुण्यातल्या मित्रांना 'ते शेळीवालं उस्मानाबाद' म्हटलं की अजून पटकन कळतं. उस्मानाबादी शेळी जगप्रसिद्ध आहे. तिच्याही गळ्यात दावं असतं, आणि महिनाभर माझ्याही गळ्यात तेच पडणार होतं, हे एसटीत बसले तेव्हा माहीत नव्हतं.

धाराशिवच्या फिजिओ मॅडम माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनीच मोठ्या असतील. खोली छोटी, भिंतीवर सांगाड्याचं चित्र, कोपऱ्यात मोठे रबरी चेंडू. एमआरआयचं पाकीट त्यांनी बाजूला ठेवलं आणि आधी मला तपासलं. मान डावीकडे वाकवून डोक्यावर हलकासा दाब दिला. सणक थेट बोटात! मग मागे उभं राहून दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि भरलेला हंडा उचलावा तसं अलगद वर घेतलं.

दीड महिन्यात पहिल्यांदाच हात गप्प बसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच.

'हे बरं वाटलं ना?' त्या म्हणाल्या. 'मग तुम्हाला ट्रॅक्शनचा उपयोग व्हायचा चान्स आहे. नसतं वाटलं, तर मी दोरी काढलीच नसती.'

हे वाक्य तेव्हा मी कानाआड केलं. पुढे फार महागात पडलं.

ट्रॅक्शनचा फंडा तसा सोपा आहे. आपलं डोकं साडेचार ते पाच किलोचं, आणि दिवसभर ते सात छोट्या मणक्यांवर उभं. दर दोन मणक्यांच्या मधे दोन्ही बाजूंना खिडकीसारखी एक फट असते, तिच्यातून नस बाहेर पडून हाताकडे जाते. चकती सरकली किंवा हाड वाढलं की खिडकी अरुंद होते आणि नस दाटते. डोकं वरच्या दिशेने ओढलं की खिडकी किंचित मोकळी होते. किंचित म्हणजे किती? मिलिमीटरच्या हिशेबात. पण चिमटलेल्या नसेला तेवढी जागाही वन बीएचकेमधून टू बीएचकेमध्ये गेल्यासारखी वाटते. दोरी सोडली की मणके परत जागेवर. म्हणजे ट्रॅक्शन चकती आत ढकलत नाही, मणका 'सेट' करत नाही, मान लांब करत नाही. थोडा वेळ दुखणं शांत ठेवतं, आणि त्या वेळात व्यायाम उरकायचा असतो.

मला पलंगावर उताणं झोपवलं. हनुवटीखाली एक पट्टा, डोक्यामागे एक पट्टा, दोन्ही वर जाऊन एका दांडीला अडकवलेले, दांडीला दोरी आणि दोरीच्या टोकाला मशीन. मान सरळ नाही, थोडी पुढे झुकलेली, कारण खालच्या मणक्यांची खिडकी त्या कोनात जास्त उघडते. पहिल्या दिवशी चार किलो. मशीन अर्धा मिनिट ओढायचं, दहा सेकंद ढिलं सोडायचं. पंधरा मिनिटं हाच खेळ. हातात एक बटण दिलेलं. काही वेगळं वाटलं, चक्कर आली, मुंग्या वाढल्या तर दाबायचं.

दिसायला प्रकार भयंकर. आईने पहिल्या दिवशी दारातून डोकावून देवीचं नाव घेतलं. मला मात्र चौथ्या मिनिटाला झोप लागली. दसरा होऊन गेला होता. तुळजापूर आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानी पलंगावर निजते ती थेट कोजागिरीपर्यंत. श्रमनिद्रा म्हणतात तिला. साक्षात जगदंबा नऊ दिवसांच्या ड्युटीनंतर पाच दिवस कॉम्प ऑफ घेते, आणि आम्ही रविवारीसुद्धा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो, असं मी आईला म्हटलं. 'देवीशी बरोबरी करू नकोस, पट्टा नीट बांध,' आई म्हणाली.

माणसाचा कणा ओढायची कल्पना ताजी नाही. हिप्पोक्रेटिसच्या काळात कण्याच्या पेशंटला फळीवर बांधून दोन्हीकडून ओढत. सतराव्या शतकात इंग्लंडच्या ग्लिसन नावाच्या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांना हनुवटीखाली झोळी बांधून टांगायची पद्धत लिहून ठेवली. झोळीचा तो पट्टा आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. पण उपाय जुना म्हणजे सिद्ध झालेला, असं काही नाही. 2008 मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात तोवरचे सगळे प्रयोग एकत्र तपासले गेले. निष्कर्ष? ट्रॅक्शन उपयोगी आहे असंही ठाम सांगता येत नाही आणि निरुपयोगी आहे असंही नाही. मग 2014 मध्ये अमेरिकेत 86 पेशंटांवर प्रयोग झाला. सगळे माझ्यासारखेच, मानेतून हातात कळ जाणारे. एका गटाला नुसता व्यायाम, दुसऱ्याला व्यायाम आणि दाराला टांगायचं घरगुती ट्रॅक्शन, तिसऱ्याला व्यायाम आणि मशीनचं ट्रॅक्शन. काही महिन्यांनी मशीनवाला गट पुढे निघाला. थोडक्यात, ज्याची कळ हातात जाते त्याला व्यायामाच्या जोडीने मशीनचा फायदा होऊ शकतो. नुसती मान आखडलेल्याला दोरीची गरज नाही. आणि दाराचं किट म्हणजे मशीनचा स्वस्तातला जुळा भाऊ नव्हे.

व्यायाम कसले, तर बघणाऱ्याला हसू येईल असे. हनुवटी मागे खेचून डबल चिन करायची आणि दहा सेकंद धरायची. खांद्याची पाती मागे आवळायची. ऑफिसचं म्हणाल, तर आईच्या शिलाई मशीनवर दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवून त्यावर लॅपटॉप, खाली वेगळा कीबोर्ड. 'मान वाकवून मोबाइल बघितला की मानेवर 27 किलो भार पडतो' असा मेसेज तुम्हालाही आला असेल. तो आकडा 2014 च्या एका कॉम्प्युटर मॉडेलमधला आहे, कुणाच्या मानेत वजनकाटा घालून मोजलेला नाही. पण वाकून बसणं माझ्या नसेला आवडत नव्हतं, एवढं कळायला मला मॉडेल लागलं नाही.

दिवाळीपर्यंत नव्वद टक्के बरं वाटत होतं. ट्रॅक्शनमुळे, व्यायामामुळे की नुसत्या दिवसांमुळे? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, 'तिघांना वाटून क्रेडिट द्या.' मधल्या काळात मी बाजारातून दाराला टांगायचं किटही आणलं होतं. दोन तास लाइट गेले, क्लिनिक बंद राहिलं, तर जवळ असावं म्हणून. दुकानदाराने ना कागद बघितला ना वय विचारलं. 'डबल एक्सएल आहे, कुणालाही बसतंय,' एवढं सांगितलं आणि पिशवीत भरून दिलं. मॅडमनी बसण्याची दिशा, कोन, वजन सगळं शिकवलं, पण मला त्याची गरज चारदाच पडली.

आता गोष्टीत काका येतात.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. वय बासष्ट. लोहारा तालुक्यातल्या गावात शेती. भाऊबिजेला आत्याकडे जाताना वाटेत आमच्याकडे मुक्कामाला होते, सोबत काकू. मी कौतुकाने सगळ्यांना ट्रॅक्शनचं प्रात्यक्षिक दाखवलं. दाराला खिट्टी, खिट्टीला कप्पी, कप्पीवरून दोरी, एका टोकाला माझी मान, दुसऱ्या टोकाला पाण्याची पिशवी. पोरंटोरं हसून लोळली. काका हसले नाहीत.

'ताई, तुझं ते दोरीचं यंत्र आता मोकळंच पडलंय न्हवं?' रात्री ते म्हणाले. 'माझ्याबी हाताला मुंग्या यायल्यात. मानबी अवघडल्यागत होतीया.'

'कधीपासून?'

'झालं की सा-सात महिने. दुखत न्हाई तसं. नुस्तं बधिर.'

झालं. माझ्या हातातला दिवा पेटला! मुंग्या, मान, बधिर बोटं, सेम टू सेम. एमआरआयचे साताठ हजार कशाला घालवायचे? मी कसं बांधायचं ते त्यांना शिकवलं, मोबाइलवर व्हिडिओ काढून दिला आणि किट पिशवीत भरून दिलं. आपल्याकडे हे असंच असतं ना? आजोबांचा कमरपट्टा बाबा वापरतात, बाबांच्या ॲसिडिटीच्या गोळ्या आपण खातो, आणि शेजारच्या काकूंचा नी कॅप अख्ख्या सोसायटीतून फिरून येतो. त्यात प्रेम असतं, काटकसर असते, आणि खरं सांगायचं तर थोडी शायनिंगही असते. मला बरं वाटलंय म्हणजे मला यातलं कळतं, अशी.

दुसऱ्या दिवशी निघताना काकू काकांच्या सदऱ्याची बटणं लावून देत होत्या. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना चिडवलं. 'काय काकू, या वयात!' काकू लाजल्या. काका म्हणाले, 'बोटात बटण ठरंना झालंय गं, हिलाच लावावं लागतंय.' सगळे पुन्हा हसले. मी जास्त हसले.

ते वाक्य आता आठवलं की पोटात कालवतं.

डिसेंबरच्या शेवटी मी पुन्हा घरी आले, फिजिओ मॅडमना एकदा दाखवायचं होतं. काका त्याच दिवशी धाराशिवला कोर्टाच्या कामाला आले होते, म्हणाले, 'चल, मीबी येतो, बसतो जरा.' क्लिनिकला तीन पायऱ्या आहेत. काका कठडा धरून चढले, पाय जरा फाकवून, जड टाकत. मला वाटलं, थंडी आहे, वय आहे. बाहेरच्या बाकावर बसून ते चपलेचा पट्टा लावायला लागले. एकदा, दोनदा, तीनदा.

मॅडम माझी मान तपासायची सोडून दारातून तिकडेच बघत होत्या.

'ते तुमच्यासोबत आहेत?'

'काका आहेत माझे. त्यांनाही सेम प्रॉब्लेम आहे. माझंच किट वापरतायत.' मी जवळजवळ अभिमानाने सांगितलं.

मॅडमचा चेहरा बदलला. त्यांनी काकांना आत बोलावलं. 'काका, दोन्ही हात पुढे करा. मी घड्याळ लावते. मुठी जोरात उघडायच्या, मिटायच्या. जेवढ्या होतील तेवढ्या.' दहा सेकंदांत चांगल्या हाताच्या वीसेक होतात. काकांच्या अकरा झाल्या, तेही बोटं अडखळत. मग फरशीच्या रेघेवरून टाचेला अंगठा लावून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला त्यांचा तोल गेला आणि मी धरलं. मग मॅडमनी त्यांच्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली, तर त्यांचा अंगठा आपोआप आत वळला.

'मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं का?'

'व्हय. बैलाला चारा टाकताना व्हतंय.'

'लघवीला घाई?'

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

फरक मॅडमनी मला नंतर कागदावर काढून समजावला. माझी नस खिडकीत अडकली होती. खिडकी बाजूला असते, एका हातापुरती. म्हणून माझा एकच हात आणि त्यातलं ठरावीक बोट. काकांच्या मानेत दाब मधल्या बोगद्यावर होता, जिथून मज्जारज्जू म्हणजे मुख्य केबल जाते. तिच्यावर दाब आला की दोन्ही हात बावळट होतात, बटण, नाणं, पेन धरवत नाही, पाय जड होतात, तोल जातो. आणि फसवणूक अशी की ते फारसं दुखतच नाही. पन्नाशी-साठीनंतर हळूहळू येतं, आणि घरचे म्हणतात, वय झालं. त्याला मायलोपथी म्हणतात, आणि मायलोपथी असलेल्या मानेला ट्रॅक्शन लावायचं नसतं. संधिवाताने मानेचे सांधे सैल झालेत, हाडं ठिसूळ आहेत, मानेला नुकता मार लागलाय, कॅन्सर किंवा जंतुसंसर्ग आहे, अशांनाही नाही. म्हणून आधी हातांनी तपासायचं आणि मग दोरी काढायची.

'किती वजन लावत होतात काका?' मॅडमनी विचारलं.

'पाण्याच्या पिशवीला भोक पडलं. मग ज्वारी भरली. पाच किलो. फरक वाटंना म्हणून आठ केली.'

आठ किलो! घराच्या लोखंडी दाराला, अर्धा अर्धा तास, मी पाठवलेला व्हिडिओ बघून. खोलीत कुणी काही बोललं नाही. मॅडम चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, 'दोरीने आणखी बिघडवलं का, ते मला सांगता येणार नाही. पण सात-आठ आठवडे गेले. या दुखण्यात आठवड्यांना किंमत असते.'

मग त्यांनी विचारलं, 'मानेला पूर्वी कधी मार?'

काका जरा थांबले. '93 ला.'

लोहाऱ्याच्या माणसाने '93 म्हटलं की पुढे विचारायचं नसतं. 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपलेली, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद, ते सगळं झोपलेल्यांवर आलं. काकांना सकाळी नऊला ढिगाऱ्यातून काढलं. मान तीन महिने वळत नव्हती. फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही, कारण घरातली दोन माणसं काढायची राहिली होती. आम्ही पुतणी-भाचरं हे सगळं ऐकत मोठे झालो. मानेचं मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं. काका पुनर्वसनाच्या घरात राहतात, आणि त्याच घराच्या दाराला त्यांनी माझी दोरी टांगली होती.

पुढचं वेगाने झालं. सोलापूरला एमआरआय, दोन दिवसांनी सर्जनची अपॉइंटमेंट. बोगदा तीन ठिकाणी चेंगरला होता. वयाची झीज, मुळातला अरुंद बोगदा आणि कदाचित तो जुना मार. कुणाचा वाटा किती, हे आता वेगळं काढता येत नाही, असं सर्जन म्हणाले. त्यांनी काहीच गोड करून सांगितलं नाही. ऑपरेशन मुख्यतः आहे तिथे थांबवण्यासाठी. सुधारलं तर बोनस. उशीर जितका, तितका बोनस कमी. काकूंनी विचारलं, 'आदी आलो असतो तर?' सर्जन म्हणाले, 'आता आलात ना.' मी तेव्हा खिडकीतून खाली पार्किंगमधल्या रिक्षा मोजत होते.

संक्रांतीच्या आधी ऑपरेशन झालं. मानेमागून हाडाच्या कमानी उघडून केबलला जागा करून दिली. आठवडाभर मी हॉस्पिटलमधूनच लॉगिन करत होते, पायाशी स्टूल, स्टुलावर दोन उशा, उशांवर लॅपटॉप. टीम लीडने कॉलवर विचारलं, 'आज हात डोक्यावर नाही?' त्याला सगळं सांगितलं. तो गप्प झाला, आणि रात्री त्याचा वेगळा फोन आला. त्याच्या वडिलांना हल्ली शर्टाची बटणं लावता येत नाहीत म्हणे. पायही ओढत चालतात. घरात सगळ्यांना वाटतंय, वय झालं. त्यांच्यासाठी ऑनलाइन मागवलेलं ट्रॅक्शन किट उद्या येणार होतं.

'उघडूही नकोस,' मी म्हटलं. 'आधी न्यूरोसर्जनकडे ने. उद्याच.'

काकांना आता बरं आहे, पण पहिल्यासारखं नाही. बटणं लावता येतात, वेळ लागतो. शेतातल्या बांधावरून चालताना काठी लागते. औत सोडलं, ते चुलतभाऊ बघतो. दोनदा मी माफी मागायला तोंड उघडलं. पहिल्यांदा त्यांनी विषय पावसावर नेला. दुसऱ्यांदा म्हणाले, 'तू चांगल्या मनानं दिलतंस. पर आता कुनाला देऊ नगस.'

किट त्यांनी परत पाठवलं. नीट घडी घालून, पट्टे धुऊन, कप्पीला तेल लावून. सोबत काकूंनी कुंथलगिरीचे पेढे दिले होते आणि एक जड पिशवी. फोन करून विचारलं, हे काय? तर ट्रॅक्शनची आठ किलो ज्वारी, दळून आणलेली. 'टाकायची कशाला?' काकू म्हणाल्या. आईने त्याच रात्री भाकरी थापल्या.